गाड्या बदलत लांबचा प्रवास करताय? या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की ओळखीतलं कोणी ना कोणी तिकिटं दाखवायला येतं. पुण्याहून गुवाहाटी, रत्नागिरीहून अमृतसर, नांदेडहून पुरी. वाटेत दोन-तीन गाड्या बदलायच्या असतात, तिकिटं आधीच काढलेली असतात आणि त्यांत त्याच त्या चुका असतात. मला खरंच वाईट वाटतं, कारण तिकीट काढण्याआधी अर्धा तास शांतपणे बसलं असतं तर यातलं बहुतेक टळलं असतं.

लोक आधी गाड्या निवडतात, मग त्या जिथे जुळतील तिथे बदलतात. मी उलट करतो. आधी जंक्शन ठरवतो, गाड्या नंतर.

दोन गाड्यांत दीड-दोन तासांचं अंतर

ही सगळ्यात मोठी चूक, आणि मीही ती केली आहे. एका जानेवारीत आईला घेऊन गुवाहाटीला निघालो होतो. उत्तर प्रदेशातल्या एका मोठ्या जंक्शनवर गाडी बदलायची होती. पहिली गाडी सकाळी साडेनऊला पोचणार, दुसरी साडेअकराला सुटणार. दोन तास भरपूर आहेत असं मी घरी सगळ्यांना सांगितलं होतं. माणिकपूरच्या पुढे धुकं लागलं. खिडकीतून शेजारचा रूळसुद्धा दिसेना. दुसरी गाडीही उशिरा धावत होती, त्यामुळे आशा सुटत नव्हती. दुपारी दीडच्या सुमारास आमची गाडी जंक्शनच्या बाहेर सिग्नलला उभी राहिली आणि शेजारच्या रुळावरून एक गाडी हळूहळू बाहेर पडली. डब्यावरची पाटी मी वाचली. आई म्हणाली, "अरे, ही आपलीच ना?"

पुढचं तिकीट वाया गेलं. तत्काळ, म्हणजे आयत्या वेळचं आरक्षण, बघायला गेलो तर दुसऱ्या दिवशीच्या गाडीचं तत्काळ आदल्या दिवशीच उघडून संपलेलं. तत्काळ उघडतं ते गाडी जिथून सुरू होते त्या स्टेशनाच्या तारखेच्या एक दिवस आधी, एसीचं सकाळी दहाला आणि स्लीपरचं अकराला. वाटेतल्या स्टेशनावर गाडी दुसऱ्या दिवशी येत असेल, तर आपल्या तारखेच्या दोन दिवस आधीच ते उघडतं. हे मला तिथे, वेटिंग रूमच्या बाकावर कळलं. सत्तरीच्या आईनं त्या थंडीत दोन रात्री तिथे काढल्या.

तेव्हापासून दिवसाच्या गाड्यांमध्येही मी चार तासांपेक्षा कमी अंतर ठेवत नाही. डिसेंबर-जानेवारीत उत्तर भारतात जायचं असेल तर सरळ एक रात्र मध्ये ठेवतो आणि जंक्शनवरची रिटायरिंग रूम, म्हणजे स्टेशनातली मुक्कामाची खोली, आधी बघून ठेवतो. कोकण रेल्वेनं येणाऱ्यांनी पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं हे विसरू नये. त्या काळात गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात आणि वेळा बदलतात.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. वेळापत्रकात गाडीला थोडा मोकळा वेळ दिलेला असतो आणि त्यातला बराचसा शेवटच्या स्टेशनाच्या अलीकडे असतो. म्हणून जी गाडी शेवटच्या स्टेशनात वेळेवर पोचते, तीच मधल्या जंक्शनवर तासभर उशिरा आलेली असू शकते. "ही गाडी कधीच लेट नसते" असं कोणी सांगितलं तर विचारा, कुठल्या स्टेशनावर? मी गाडीचे मागचे आठ-दहा दिवस बघतो, आणि तेही मला उतरायचं आहे त्याच स्टेशनावरचे. जमेल तेव्हा पहिली गाडी जिथे संपते किंवा दुसरी जिथून सुरू होते तिथेच बदलतो. सुरुवातीच्या स्टेशनावर गाडी सहसा आधी येऊन फलाटाला लागते, सामान लावून निवांत बसता येतं. मधल्या स्टेशनावर दोन-पाच मिनिटांत डबा शोधायचा, आणि त्यात म्हातारं माणूस बरोबर असेल तर जीव टांगणीला लागतो.

पीएनआर न जोडणं

1 एप्रिल 2019 पासून दोन गाड्यांचे पीएनआर, म्हणजे तिकिटांवरचे आरक्षण क्रमांक, एकमेकांना जोडता येतात. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली तर न केलेल्या प्रवासाचे पैसे रद्द करण्याचं शुल्क न कापता परत मिळतात. मात्र दोन्ही तिकिटांवर प्रवाशांची माहिती तंतोतंत सारखी हवी, आणि पहिली गाडी प्रत्यक्ष पोचल्यापासून तीन तासांच्या आत टीडीआर, म्हणजे पैसे परत मागण्याचा अर्ज, भरायला हवा. एका तिकिटावर पूर्ण नाव, दुसऱ्यावर आद्याक्षरं, असं करू नका. पीएनआर जोडला म्हणून दुसरी गाडी आपल्यासाठी थांबत नाही, एवढंही लक्षात असू द्या.

रात्री बारानंतरची तारीख

एकदा रात्री अकराच्या सुमारास मी फलाटावर गाडीची वाट बघत होतो. शेजारी एक कुटुंब आलं. नवरा, बायको, दोन मुलं, पाच-सहा बॅगा, लग्नाला निघालेले. गाडी 00:25 ची. इंडिकेटरवर गाडी दिसत होती, पण डब्यातल्या यादीत त्यांची नावं नव्हती. टीसीनं त्यांचा मोबाइल हातात घेतला, वाचला, परत वाचला आणि हळूच सांगितलं, "साहेब, तिकीट अठराचं आहे. तुमची गाडी काल रात्री गेली." अठरा तारखेला सुटणाऱ्या 00:25 च्या गाडीसाठी सतरा तारखेच्या रात्री स्टेशनावर यायला हवं होतं. ते आले अठराच्या रात्री. बाईंनी काही न बोलता मुलाच्या अंगावरचा स्वेटर नीट केला. ते दृश्य मी विसरू शकत नाही.

म्हणून अशा तिकिटाची नोंद मी तारखेनं ठेवतच नाही. वहीत लिहितो, "मंगळवारी रात्री जेवून स्टेशनावर." गाडी कुठवर आली हे बघतानाही हाच घोळ होतो. आदल्या दिवशी सुटलेली गाडी आपल्याकडे मध्यरात्रीनंतर येते, त्यामुळे शोधताना ती सुटल्याची तारीख निवडावी लागते.

दुसरं तिकीट वेटिंगवर ठेवून निघणं

"होईल कन्फर्म" या भरवशावर निघू नका. चार्ट, म्हणजे जागांची शेवटची यादी, लागतो तेव्हा तुम्ही पहिल्या गाडीत असता, घरापासून हजार किलोमीटरवर. ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट कन्फर्म झालं नाही तर आपोआप रद्द होतं. खिडकीवर काढलेलं असलं तरी मे 2025 पासून वेटिंगवर स्लीपर किंवा एसीत बसता येत नाही. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. जो टप्पा मिळायला सगळ्यात अवघड, त्याचं तिकीट मिळाल्याशिवाय मी प्रवास पक्का धरत नाही.

जवळच्या स्टेशनापर्यंतचं तिकीट काढून पुढे "बघून घेऊ" म्हणणारेही असतात. असे सल्ले मोबाइलवर फार फिरतात. ते देणारा माणूस तुमच्याबरोबर रात्री दोनला दारात उभा राहणार नसतो.

शहर एक, स्टेशनं अनेक

दिल्लीत नवी दिल्ली, जुनी दिल्ली, निजामुद्दीन, आनंद विहार. कोलकात्यात हावडा, सियालदह, शालिमार. चेन्नईत सेंट्रल आणि एग्मोर. तिकिटावरचं नाव पूर्ण वाचा आणि मधल्या रस्त्याचा वेळ वेगळा धरा. जुन्या नावांवरही विसंबू नका. मुगलसराय 2018 पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन आहे.

बारीकसारीक

सगळे पीएनआर, गाडी क्रमांक आणि डबे एका कागदावर लिहून खिशात ठेवा, मोबाइल बंद पडतो.

गाडी सुटायला पाच मिनिटं असली तरी रूळ ओलांडू नका. पुलावरूनच जा.

फलाट शेवटच्या क्षणी बदलू शकतो, म्हणून घोषणा होईपर्यंत कानात काही घालून बसू नका.

प्रत्येक बॅगेला कुलूप हवं. जंक्शनवर पाच-सहा तास असतील आणि सामान क्लोक रूममध्ये ठेवून फिरून यायचं असेल, तर कुलूप नसलेली बॅग तिथे घेत नाहीत.