निकेल प्लेटिंग बिघडलं? ब्राइटनर ओतण्याआधी या चुका टाळा

जॉब (म्हणजे प्लेटिंगसाठी टाकीत घातलेला भाग) खराब निघाला की पहिला हात ब्राइटनरच्या, म्हणजे चमक आणणाऱ्या रसायनाच्या, कॅनकडे जातो. निकेल धुरकट आलं, घाल थोडा. कडा काळपट आल्या, अजून थोडा. दोन दिवस चमक येते, मग थर ठिसूळ होतो, वाकवला की तडकतो आणि मूळ दोष जिथल्या तिथेच राहतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, टाकीत काहीही घालण्याआधी तो खराब जॉब उजेडात धरून नीट बघा.

थर सुटला असेल तर पापुद्रा चिमट्याने उचला आणि खाली काय आहे ते भिंगातून पाहा. मूळ धातू उघडा पडला असेल तर चूक बहुतेक वेळा टाकीच्या आधीची असते, डीग्रीझिंग (तेल काढणं) किंवा अ‍ॅसिड डिप (आम्लात बुडवणं) कमी पडलेलं असतं. खालीही निकेलच दिसलं तर प्लेटिंग चालू असताना करंट मध्येच तुटला होता. तसं झालं की निकेलवर ऑक्साइडचा पातळ पडदा धरतो आणि पुढचा थर त्याला चिकटत नाही. अशा वेळी जिगचे (जॉब टांगायच्या चौकटीचे) ढिले संपर्क तपासा, केमिकल नव्हे.

सफाई झाली की नाही हे पाणीच सांगतं. जॉब स्वच्छ पाण्यातून काढून तिरका धरा. पाण्याचा पडदा अर्धा मिनिट अखंड राहिला तर ठीक. कुठे फाटून थेंब झाले तर तिथे तेल आहे. पण यात एक फसगत होते. क्लीनरमधला साबण पृष्ठभागावर उरला असेल तर तेलावरही पाणी पसरतं आणि जॉब पास झाल्यासारखा वाटतो. म्हणून ही चाचणी अ‍ॅसिड डिप आणि धुण्यानंतरच करा. हे अर्धं मिनिट वाचवण्याच्या नादात अख्खा लॉट परत आलेला मी पाहिला आहे.

बारीक खड्डे आणि खरखरीतपणा या दोन्हींना सरसकट ‘पिटिंग’ म्हणू नका. खड्ड्यातून वरच्या दिशेने शेपटीसारखी रेघ गेली असेल तर तिथे हायड्रोजनचा बुडबुडा चिकटून बसला होता. वेटिंग एजंट (बुडबुडे चिकटू न देणारं रसायन) आणि बोरिक अ‍ॅसिड तपासा. वॉट्स बाथमध्ये, म्हणजे निकेल प्लेटिंगच्या नेहमीच्या द्रावणात, बोरिक अ‍ॅसिड साधारण 30 ते 45 ग्रॅम प्रति लिटर लागतं. ते कमी झालं की कॅथोडलगतचा, म्हणजे जॉबलगतचा, पीएच चढतो आणि कडा जळतात. खरखर फक्त वर तोंड असलेल्या पृष्ठभागांवर असेल तर कण खाली बसताहेत. अ‍ॅनोडची (टाकीत विरघळणाऱ्या निकेलची) पिशवी फाटली आहे का ते बघा, फिल्टर बघा.

थर पातळ आला की बाथला दोष दिला जातो, पण बऱ्याचदा क्षेत्रफळच चुकलेलं असतं. प्रति चौरस डेसिमीटर 1 अँपिअर करंट तासभर दिला की साधारण 12 मायक्रॉन निकेल बसतं. पत्र्याची एकच बाजू मोजली आणि प्लेटिंग दोन्ही बाजूंना झालं, तर जाडी निम्मी येणारच.

पीएच चालता चालता हळूहळू चढतो, कारण अ‍ॅनोडवर निकेल जवळजवळ पूर्ण कार्यक्षमतेने विरघळतं, कॅथोडवर मात्र थोडा करंट हायड्रोजन सोडण्यात जातो. पीएच उतरवायला पातळ केलेलं सल्फ्युरिक अ‍ॅसिड घाला. चढवायचा असेल तर निकेल कार्बोनेट वापरा. कॉस्टिक सोडा ओतलात तर निकेल हायड्रॉक्साइडचा गाळ होतो आणि तो गाळत बसावं लागतं.

आतल्या कोपऱ्यांत, जिथे करंट कमी पोहोचतो तिथे, काळपटपणा आला तर तांब्याचा संशय घ्या. टाकीत पडलेला पितळी जॉब तसाच राहिला की हे होतं. नालीदार पत्रा कॅथोडला लावून अगदी कमी करंटवर काही तास चालवा, तांबं त्यावर येऊन बसतं. खात्री हवी असेल तर 267 मिलिलिटरचा हल सेल (चाचणीची छोटी टाकी) लावा. त्यातला पत्रा तिरका असतो, त्यामुळे कमी ते जास्त करंटचं चित्र एकाच पत्र्यावर मिळतं. ब्राइटनर लागतो की नाही ते इथे थेंबांनी ठरवा, टाकीत कॅनने नको.

चमकेवर विसंबणं किती घातक ठरतं ते हार्ड डिस्कच्या अ‍ॅल्युमिनियम तबकड्यांवरून कळतं. त्यांच्यावर विजेशिवाय, रासायनिक क्रियेने निकेल-फॉस्फरसचा सुमारे 10 मायक्रॉनचा थर देतात. हा थर चुंबकीय असून चालत नाही. बाथचा पीएच चढला की थरातलं फॉस्फरस घटतं, आणि ते पुरेसं घटलं की थर चुंबकीय होतो. वरून मात्र तो तितकाच सुंदर दिसतो.

कडक पोलादाच्या स्प्रिंगचंही असंच आहे. पिकलिंग (आम्लाने गंज काढणं) आणि प्लेटिंगमध्ये शिरलेला हायड्रोजन डोळ्यांना दिसत नाही, स्प्रिंग मात्र काही दिवसांनी भाराखाली अचानक तुटते. असे जॉब टाकीतून काढल्यावर चार तासांच्या आत भट्टीत घाला, सुमारे 190 ते 220 अंश सेल्सिअसवर, आणि किती तास ठेवायचे ते पोलादाच्या ताकदीवरून ठरवा.