दव गोठून करपलेला वडाचा बोन्साय सावरताना

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी किंवा निफाडच्या शिवारात, डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री दव गोठते, तेव्हा उघड्यावर राहिलेल्या वड, नांदरुक, उंबर यांच्या बोन्सायला त्याचा फटका चटकन बसतो. ही मुळात उष्ण हवेतली झाडे आहेत; शिवाय जमिनीतल्या वडाची मुळे खोल उबेत असतात, तर बोन्सायची मुळे दोन-तीन इंच मातीच्या उथळ कुंडीत असल्यामुळे ती माती रात्रभरात सर्व बाजूंनी गार पडते.

सकाळी पाने उकडलेल्या भाजीसारखी गडद आणि पाणथळ दिसतात व दोन-तीन दिवसांत काळी पडतात. अशा वेळी झाड उन्हात नेण्याचा किंवा त्यावर कोमट पाणी ओतण्याचा मोह आवरावा. कुंडी थेट ऊन न लागणाऱ्या, पण उजेडाच्या पडवीत ठेवावी आणि थंडी ओसरेपर्यंत तेथेच राहू द्यावी.

यानंतर झाड दगावते ते बहुधा पाण्याने. पाने गेलेले झाड पाणी फारसे ओढत नाही, हे लक्षात न घेता नेहमीप्रमाणे रोज पाणी घातले, तर थंडीतून वाचलेली मुळे कुजतात. म्हणून वरची अर्धा इंच माती बोटाला कोरडी लागल्यावरच पाणी द्यावे, तेही सकाळी. खत मात्र नवी पालवी फुटेपर्यंत अजिबात देऊ नये.

काळ्या फांद्या पाहवत नाहीत, तरी कात्री लगेच उचलू नये, कारण कोणती फांदी मेली आहे हे पहिल्या आठवड्यात कळतच नाही. फेब्रुवारीअखेर रात्री उबदार झाल्या की फांदीच्या टोकाकडून सुरुवात करून साल नखाने किंचित खरवडावी. आत तपकिरी आणि कोरडे दिसले तर इंचभर खाली पुन्हा पाहावे. जेथे ओला हिरवा थर दिसेल आणि चिकाचा पांढरा थेंब डोकावेल, तेथपर्यंत फांदी जिवंत आहे. छाटणी त्याच्या जरा वरच, एखाद्या डोळ्याच्या (जिथून नवा कोंब फुटतो त्या जागेच्या) पुढे करावी. मोठ्या जखमेवर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशी रोखणारा लेप, लावावी. १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना प्लास्टिकच्या भांड्यांत निरनिराळे भिजवून एकूण एक लिटर पाण्यात एकत्र करावेत. एवढी पेस्ट दहा झाडांनाही संपणार नाही, तेव्हा प्रमाण तेच ठेवून थोडीच करावी.

जेड या जाड, रसाळ पानांच्या झाडाच्या बोन्सायला मात्र हा संयम लागू नाही. त्याच्या लिबलिबीत झालेल्या फांद्या त्याच आठवड्यात घट्ट भागापर्यंत कापाव्यात, नाहीतर कुज खोडात उतरते.

वडाला नवे कोंब फुटले तरी त्यांना वळण देण्यासाठी त्या उन्हाळ्यात तार गुंडाळू नये, सहा-सात पाने मोकळी वाढू द्यावीत. कुंडी बदलायची असल्यास पहिला पाऊस स्थिरावेपर्यंत थांबावे.