पाणचिऱ्याच्या विणीच्या हंगामात या चुका टाळा

चंबळ नदीच्या वाळूच्या बेटांवर साधारण मार्चपासून पाणचिरा (इंडियन स्किमर) या नदीपक्ष्याची वीण सुरू होते, आणि मदतीच्या उत्साहाने आलेली माणसे दरवर्षी त्याच चुका करतात. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली हा पक्षी संकटग्रस्त ठरवला असून जगभरात त्याची प्रौढ संख्या ३,००० च्याही खाली आहे. अशा वेळी एक घरटे गमावणेही परवडणारे नाही.

सर्वांत घातक चूक म्हणजे अंडी मोजण्यासाठी बेटावर उतरणे. घरटे म्हणजे उघड्या वाळूतला उथळ खळगा. तापलेल्या वाळूत अंडी टिकतात, कारण पक्षी पोटाची पिसे नदीत भिजवून येतो आणि त्यांच्यावर बसतो. एका हंगामात काही नवशिक्यांनी किनाऱ्यावरून नीट दिसत नाही म्हणून ऐन दुपारी नाव बेटाला लावली. पाणचिरे आणि त्यांच्या शेजारी वीण करणारे नदी सुरय पक्षी एकदम उठले आणि माणसे परत फिरेपर्यंत ओरडत घिरट्या घालत राहिले. तेवढ्यात कावळ्यांनी कडेची घरटी फोडली. मी ऊन चढण्यापूर्वी, नावेतून किंवा काठावरून, स्पॉटिंग स्कोपने (दूरचे पाहण्याच्या एकनळी दुर्बिणीने) फक्त बसलेले पक्षी मोजतो. यात वेळ जातो, पण ज्याला तेवढा धीर नाही त्याने या कामात पडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बेट आहे म्हणजे घरटी सुरक्षित आहेत, हा दुसरा गैरसमज. उन्हाळ्यात पाणी ओसरले की मधला प्रवाह उथळ होतो, कुत्री आणि कोल्हे चालत बेटावर पोहोचतात आणि गुरांच्या पायांखाली अंडी चिरडतात. उलट, वरच्या धरणातून पाणी सोडले की सखल भागातली घरटी वाहून जातात. मी हंगामाच्या सुरुवातीलाच प्रवाहात खुणा केलेला खुंट रोवतो आणि रोज सकाळी पातळी पाहतो. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने काठावरच्या गावकऱ्यांनाच घरट्यांचे राखणदार केले, हे मला फार योग्य वाटते, कारण नदीची चाल त्यांच्याइतकी बाहेरच्या कोणाला कळत नाही.

वसाहतीवर ड्रोन उडवू नये. घरट्याचे नेमके ठिकाण छायाचित्रासोबत जाहीर करू नये. एकटे दिसलेले पिल्लू उचलू नये.

अंड्यांतून पिल्ले बाहेर आली की राखण उठवण्याची घाईही तितकीच वाईट. पिल्ले धोका जाणवताच वाळूला चिकटून निपचित पडतात, त्यामुळे ती पायाखाली सहज येतात, आणि उडायला त्यांना कित्येक आठवडे लागतात. तोवर राखणदाराला घरी पाठवू नये.