बीएस्सीला केमिस्ट्री घेतली ना, मग हे वाचा

तालुक्याच्या कॉलेजात केमिस्ट्री घेतली की घरचे विचारतेत, याचं पुढं काय होते बाप्पा. ते नंतर पाहू, आधी प्रॅक्टिकल सांभाळा. येष्टी चुकली तरी लॅबचा तास चुकवायचा नाही, कारण थिअरी घरी वाचता येते, टायट्रेशन (एक सोल्युशन थेंब थेंब टाकून दुसऱ्याचं प्रमाण काढणं) कपाशीच्या वावरात बसून येत नाही.

ब्युरेट (तोटीवाली मापाची काचनळी) भरायच्या आधी त्याच सोल्युशननं धुवायचं, कोनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरनं, इथंच अर्धे पोट्टे फसतेत अन् मग रीडिंग जुळत नाही म्हणून शेजारच्याचं छापतेत. ब्युरेटमधलं पोटॅशियम परमँगनेट गडद असते, त्याच्या वक्र पातळीची खालची कड दिसतच नाही, म्हणून वरच्या कडेवर रीडिंग घ्या. फ्लास्कमधलं ऑक्झॅलिक ॲसिड ६० ते ७० डिग्रीपर्यंत गरम करा, थंड असलं तर रिॲक्शन रेंगाळते. फिका गुलाबी टिकला की थांबा, वेगळा इंडिकेटर (रंग बदलून शेवट दाखवणारं द्रव्य) लागत नाही.

ऑर्गॅनिकची मेकॅनिझम (रिॲक्शन पायरीपायरीनं कशी होते ते) पाठ नका करू, इलेक्ट्रॉनचा बाण कुठून कुठं जाते ते रोज हातानं काढा. मी पहिल्या वर्षी पाठ केली होती, पेपरात सगळं उलटं झालं.

एमएस्सी आयआयटीतून करायची असंल तर जॅम नावाची प्रवेश परीक्षा असते, १०० मार्क, ३ तास. दुसऱ्या वर्षापासूनच जुने पेपर सोडवा.