सुटणारी मेमरी आणि जागा बदलणारे कर्नेल : देवगडच्या घरातून केलेल्या अभ्यासाचा अनुभव

ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नेलचा, म्हणजे तिच्या गाभ्याचा, अभ्यास कुठून सुरू करावा, असे सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतील अभियांत्रिकीचे विद्यार्थी मला अनेकदा विचारतात. पुस्तकांची यादी देण्याऐवजी मी त्यांना एक प्रश्न देतो : मशीन चालू असताना जोडता आणि काढता येणारी मेमरी, आणि प्रत्येक बूटच्या वेळी कर्नेलचा पत्ता बदलणारी सुरक्षा, या दोन सोयी एकाच मशीनमध्ये एकत्र कशा नांदतात? या एका प्रश्नाने मला पेजटेबल (प्रोग्रॅमला दिसणारे आभासी पत्ते मेमरीतल्या खऱ्या, भौतिक पत्त्यांशी जोडणारे तक्ते), बूटचा क्रम, फर्मवेअरचे (मशीनमध्येच बसवलेल्या प्रोग्रॅमचे) तक्ते आणि पत्त्यांचे गणित हे सगळे शिकवले, आणि आज ज्या कामावर माझे घर चालते ते कामही त्यातूनच मिळाले.

तिसऱ्या वर्षाच्या पावसाळी सुट्टीत मी देवगडजवळच्या आमच्या घरी होतो. हाताशी ८ जीबी मेमरीचा लॅपटॉप होता, नेट मोबाईलचे होते आणि वीज दिवसातून दोन-तीनदा जात असे. लिनक्स कर्नेलचा संपूर्ण इतिहास डाउनलोड करायचा म्हणजे काही जीबींचा डेटा लागतो; म्हणून मी फक्त शेवटच्या नोंदीपुरती उथळ प्रत घेतली, आणि अशा परिस्थितीत असलेल्या प्रत्येकाने तेच करावे. कंपाइल अर्ध्यावर असताना वीज गेली तरी घाबरण्याचे कारण नसते, कारण ‘मेक’ हे साधन आधीच कंपाइल झालेल्या फाइली पुन्हा हाती घेत नाही आणि काम बहुतेक वेळा थांबले होते तिथूनच पुढे जाते.

पहिली अडचण डीबगरची, म्हणजे प्रोग्रॅम थांबवून तपासणाऱ्या साधनाची, आली. क्यूईएमयू या आभासी मशीनमध्ये कर्नेल बूट करून मी जीडीबी या डीबगरने सुरुवातीच्याच एका फंक्शनवर ब्रेकपॉइंट (थांबण्याची खूण) ठेवला. मशीन लॉगिनपर्यंत पोहोचले, पण ब्रेकपॉइंट लागला नाही. दोन दिवस मी माझ्या कॉन्फिगरेशनमध्ये चूक शोधत राहिलो. खरे कारण असे होते की जीडीबी सिंबॉल-फाइलमधला (फंक्शनांची नावे आणि पत्ते असलेल्या फाइलमधला) पत्ता धरून बसले होते, आणि कर्नेल त्या पत्त्यावर नव्हतेच. बूटच्या ओळीत ‘नोकेएएसएलआर’ हा शब्द घातल्याबरोबर ब्रेकपॉइंट लागला. ज्यांना हा अनुभव येईल त्यांनी तो शब्द घालून पुढे जाण्यापूर्वी, आपण नेमके काय बंद केले, हे समजून घ्यावे.

केएएसएलआर, म्हणजे कर्नेलच्या पत्त्यांची यादृच्छिक मांडणी, लिनक्सच्या ३.१४ या आवृत्तीत २०१४ साली एक्स८६ या प्रोसेसर-कुळासाठी आली. ते काम केस कुक यांचे होते. कर्नेलमध्ये एखादा दोष सापडला तरी हल्लेखोराला उडी कुठे मारायची हे ठाऊक असावे लागते, आणि तेच ठाऊक राहू नये, हा तिचा हेतू. ६४ बिटी एक्स८६ वर कर्नेलच्या कोडसाठी १ जीबीची आभासी जागा असते आणि २ एमबीच्या पटीत तिथे बसायचे असते, त्यामुळे शक्य ठिकाणे सुमारे पाचशेच भरतात. ही संख्या लहान वाटते. पण अंदाज चुकला तर कर्नेल कोसळते आणि हल्ला उघड होतो, म्हणून तेवढ्यालाही किंमत आहे. मात्र कर्नेलची मेमरीत उतरणारी संपूर्ण प्रतिमा (इमेज) एकसंध सरकत असल्यामुळे आतला एक पत्ता जरी बाहेर फुटला तरी बाकीचे सगळे मोजून काढता येतात.

यानंतर मी मेमरीकडे वळलो. क्यूईएमयूला सुरुवातीला २ जीबी, सोबत चार रिकामे स्लॉट आणि ८ जीबीची कमाल मर्यादा दिली की चालू मशीनमध्ये क्यूईएमयूच्या ‘मॉनिटर’ या आज्ञा-खिडकीतून १ जीबीची डिम (मेमरीची पट्टी) घालता येते. कर्नेल तिचे १२८ एमबीचे आठ ब्लॉक करते आणि प्रत्येक ब्लॉक सिसएफएसमध्ये (कर्नेलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेत) वेगळा दिसतो. मेमरी वाढली, मला फार आनंद झाला. पण तीच मेमरी परत काढताना काही ब्लॉकनी ‘व्यस्त’ असे उत्तर देऊन नकार दिला. (नवीन मेमरीची नोंद ठेवायलाही मेमरी लागते, हे इथेच कळले : मेमरीच्या ४ केबीच्या प्रत्येक तुकड्यामागे – ज्याला पान म्हणतात – ६४ बाइट, म्हणजे एका ब्लॉकमागे २ एमबी, आणि ती नोंद सामान्यतः जुन्या मेमरीतून घेतली जाते. लहान मशीनला एकदम मोठी डिम जोडू नये.)

त्या नकाराच्या मुळाशी जी गोष्ट आहे तीच या लेखाचा गाभा आहे, म्हणून तिथे थोडे थांबतो. वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमचे पान हलवता येते, कारण त्या प्रोग्रॅमला फक्त आभासी पत्ता माहीत असतो. आतली माहिती दुसरीकडे नेऊन पेजटेबलमधली नोंद बदलली की त्याला काही कळतही नाही. कर्नेल मात्र आपली बहुतेक माहिती थेट नकाशातून वापरते. या नकाशात भौतिक पत्त्यात एक ठरलेली संख्या मिळवली की आभासी पत्ता मिळतो. माहिती भौतिकदृष्ट्या हलली की तिचा आभासी पत्ताही बदलतो, आणि तिच्याकडे बोट दाखवणारे सगळे पॉइंटर (साठवून ठेवलेले पत्ते) खोटे ठरतात. म्हणून कर्नेलची पाने ज्या ब्लॉकमध्ये शिरली, तो ब्लॉक सहसा सुटत नाही. यावर उपाय म्हणजे ब्लॉक सुरू करताना तो ‘मूव्हेबल’ प्रकारात सुरू करणे. मग कर्नेल तिथे आपले न हलणारे सामान ठेवत नाही. दुसऱ्या प्रयत्नात मी तसे केले आणि आठही ब्लॉक सुटले.

आमच्याकडे पावसाळा सरला की अंगणात माटव घालतात आणि पुढच्या पावसाआधी उतरवतात. माटवाच्या खांबांवर घराचे आढे कुणी टेकवत नाही, कारण मग माटव उतरवताच येणार नाही. काढता येणाऱ्या मेमरीचा नियम नेमका हाच आहे, आणि पत्ते बदलणाऱ्या कर्नेलने काही काळ तोच मोडला.

सुरुवातीला कर्नेलची भौतिक जागा खालच्या मेमरीतच असे, आणि ती मेमरी काढण्याचा प्रश्न येत नसे. २०१६ मध्ये एक्स८६ वर भौतिक आणि आभासी पत्ते स्वतंत्रपणे निवडले जाऊ लागले आणि कर्नेल उपलब्ध मेमरीत पुष्कळ वरही उतरू लागले. मोठ्या सर्व्हरवर काही नोड (प्रोसेसर आणि मेमरीचे गट) काढता यावेत म्हणून प्रशासक ‘मूव्हेबल नोड’ हा पर्याय देत असे, आणि कर्नेल कधीकधी नेमके त्याच नोडमध्ये जाऊन बसत असे; तो नोड मग त्या बूटपुरता काढता येत नसे. कोणती मेमरी काढता येणारी आहे हे एसीपीआयच्या (फर्मवेअरने हार्डवेअरची माहिती कर्नेलला देण्याच्या प्रमाणपद्धतीच्या) एसआरएटी या तक्त्यात फर्मवेअरने लिहून ठेवलेले असते, पण जागा निवडली जाते कर्नेल अजून दाबलेल्या प्रतिमेतून उलगडायचे असताना, आणि त्या क्षणी एसीपीआय वाचणारी नेहमीची यंत्रणा जागीच झालेली नसते. चाओ फान यांच्या २०१९ साली स्वीकारल्या गेलेल्या पॅचेसनी (कोडमधील बदलांनी) त्या सुरुवातीच्या टप्प्यातच तक्ता शोधून वाचण्याची सोय केली. तक्त्यांचे मूळ कुठे आहे हे ईएफआय या नव्या फर्मवेअरकडून, केएक्झेकने (एका कर्नेलमधून थेट दुसरे सुरू करणाऱ्या सोयीने) दिलेल्या पत्त्यावरून किंवा जुन्या बायोसच्या खालच्या मेमरीतून शोधावे लागते. नवख्याने ते पॅचेस क्रमाने वाचावेत असे मी आग्रहाने सांगतो. कर्नेलमध्ये एखादी गोष्ट ‘आधी’ करणे किती महाग पडते, हे मला त्यांच्याइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसले नाही.

दुसरा पेच आभासी बाजूला आहे. वर जी ठरलेली संख्या म्हटली, तीसुद्धा ४.८ या आवृत्तीपासून प्रत्येक बूटला बदलू शकते. थॉमस गार्निये यांच्या या कामामुळे थेट नकाशा, व्हीमॅलॉक (कर्नेलने सलग आभासी पत्त्यांत घेतलेली मेमरी) आणि व्हीमेममॅप (पानांच्या नोंदी) या तिन्ही विभागांची सुरुवात १ जीबीच्या पटीत सरकते. विभागांचा क्रम तोच राहतो, मधले अंतर बदलते. सरकायला मोकळी जागा हवी, म्हणून थेट नकाशाला एरवी मिळणारे ६४ टीबी छाटून बूटच्या वेळी असलेल्या मेमरीपुरतेच क्षेत्र दिले जात असे (२०२५ पासूनच्या अनेक कर्नेलमध्ये ही छाटणी होत नाही). मग नंतर जोडलेली मेमरी बसणार कुठे? त्यासाठी पॅडिंगचा, म्हणजे जास्तीची जागा राखण्याचा, पर्याय आहे, आणि मेमरी हॉटप्लग (चालू मशीनमध्ये मेमरी जोडण्याची सोय) सुरू असलेल्या कर्नेलमध्ये ते मुळात १० टीबी असते. पॅडिंग वाढवले की जोडण्याला वाव वाढतो आणि पत्त्यांची अनिश्चितता घटते. माझे मत असे की ज्या मशीनमध्ये मेमरी कधीच जोडली जाणार नाही, तिथे हॉटप्लगच बंद ठेवणे प्रामाणिकपणाचे आहे. न लागणाऱ्या सोयीसाठी सुरक्षेतून हिस्सा देऊ नये.

हा पेच प्रत्यक्ष पाहावा म्हणून मी पॅडिंग शून्य करून डिम जोडली, आणि काहीच बिघडले नाही. कोड पुन्हा वाचल्यावर उलगडा झाला : मेमरीचा आकार आधी पुढच्या पूर्ण टीबीपर्यंत वाढवून धरला जातो, त्यामुळे २ जीबीच्या मशीनलाही पॅडिंगशिवाय १ टीबी आणि पॅडिंगसह ११ टीबी क्षेत्र मिळते. लॅपटॉपवर जागा अपुरी पडणे शक्यच नव्हते. प्रयोग फसला, पण त्या एका ओळीपर्यंत मी स्वतः पोहोचलो होतो; पुढे नोकरीच्या मुलाखतीत थेट नकाशावर प्रश्न आला, तेव्हा हीच हकिगत मी सांगितली आणि उरलेला तास त्यावरच गेला.

गावातून हे काम करता येते का, हेही विचारले जाते. येते. पॅच साध्या मजकुराच्या ईमेलने जातो, त्याला मोठे नेट लागत नाही. माझा पहिला मेल एचटीएमएल स्वरूपात गेल्यामुळे नाकारला गेला होता, एवढी एक काळजी घ्यावी. पॅचची मांडणी तपासणारे चेकपॅच चालवावे, आणि पॅच कुणाला पाठवायचा हे अंदाजाने न ठरवता कर्नेलमधील स्क्रिप्टला विचारावे. इन्व्हर्टर मात्र पहिल्या पगारातून घ्यावा.

आणि ही गोष्ट जुनी झाली आहे, असे कुणी समजू नये. ग्राफिक्स कार्डांच्या स्वतःच्या मेमरीसाठी भौतिक पत्त्यांची रिकामी जागा सर्वांत वरच्या टोकापासून शोधली जाते, आणि छाटलेला थेट नकाशा तिथपर्यंत पोहोचतच नव्हता. त्या पत्त्यांचे आभासी रूप काढले की ते दुसऱ्याच विभागात जाऊन पडे. २०२४ साली थॉमस ग्लाइक्सनर यांनी थेट नकाशाची खरी शेवटची हद्द बाकीच्या कर्नेलला कळेल अशी दुरुस्ती केली. एक्स८६ च्या एमएम फोल्डरमधील केएएसएलआरची ती फाइल लहान आहे, एका संध्याकाळी वाचून होते. त्यानंतर डीबगएफएसमधील (तपासणीसाठी कर्नेलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइलींमधील) पेजटेबलची यादी उघडावी, मशीन दोनदा बूट करावे, आणि तिन्ही विभागांच्या सुरुवाती कागदावर एकमेकींशेजारी लिहून त्यांतील अंतर स्वतः मोजावे.