रूळ पडद्याआड जातो तिथे: या चुका टाळा

आठ बाय चारचा प्लाय आणला, त्यावर मॉडेल रेल्वेचे रूळ अंथरले, गाडी फिरली, शेजारची पोरं टाळ्या वाजवून गेली. आणि मग एके दिवशी लक्षात येतं की मागच्या पडद्याला दोन भोकं आहेत. निळ्या रंगवलेल्या आकाशातून मालगाडी बाहेर येते आणि पलीकडे पुन्हा आकाशातच शिरते. मग मला फोन. “काका, त्या भोकांवर काय झाकू?”

आता काय झाकणार, कपाळ! हा प्रश्न रूळ ठोकायच्या आधी विचारायचा असतो. रूळ पडद्याच्या किती जवळून, कोणत्या कोनात आणि किती उंचीवर बाहेर जातो यावरच तिथे बोगदा शोभेल, पूल शोभेल की गोदाम, ते ठरतं. रूळ पक्का झाला की उरते ती लपवालपवी, आणि ती दिसते. माझा स्वतःचा लेआउट (रूळ आणि देखावा मिळून मांडलेला पट) भोर घाटातल्या पळसदरी ते खंडाळा या पट्ट्याचा आहे, एचओ या मापात, म्हणजे खऱ्याच्या 1:87. पडद्यामागे फिडल यार्ड, म्हणजे गाड्या लपवून ठेवायचे रूळ. तिथे पाच गाड्या आपली पाळी येईपर्यंत उभ्या असतात. खाली लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्याहून जास्त मी स्वतः केल्या आहेत, त्यामुळे कुणी मनाला लावून घेऊ नये.

दिवाळीच्या किल्ल्यातला बोगदा

आपल्याकडे प्रत्येकाने लहानपणी मातीचा किल्ला केलेला असतो. त्याचा तोटा असा की डोंगर म्हटलं की हात आपोआप तसाच उंचवटा करायला लागतात: खाली रुंद, वर टोक, अंगावर अळीव पेरलेलं. त्याच्या पोटात एक भोक पाडलं की झाला बोगदा. गाडी एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. डोंगराची उंची? इंजिनाच्या टपावर चार बोटं.

रेल्वे असा बोगदा खणत नाही. समोर छोटी टेकडी आली तर ती कापून सरळ वाट काढतात. खोदाई ढोबळमानाने अठरा-वीस मीटरच्या पुढे गेली की मग बोगदा परवडायला लागतो. एचओत वीस मीटर म्हणजे तेवीस सेंटिमीटर. तुमच्या बोगद्याच्या तोंडावर निदान वीतभर डोंगर नसेल तर तिथे बोगद्याऐवजी नुसती खोदाई दाखवा. दोन्ही बाजूंना कातळ, वर झाडी, आणि वळण घेऊन रूळ दिसेनासा. मला विचाराल तर ते बोगद्यापेक्षा जास्त खरं वाटतं.

घाटात जाऊन एकदा नीट पाहा. 1863 साली भोर घाट सुरू झाला तेव्हा त्यात 25 बोगदे होते. त्यातले कितीतरी मुख्य डोंगराच्या पोटातून जातच नाहीत. रूळ कड्याच्या अंगाने 1:37 चा चढ चढत जातो आणि डोंगराची एखादी सोंड आडवी आली की तेवढीच भेदतो. काही बोगदे इतके आखूड की पलीकडचा उजेड दिसतो. लेआउटसाठी ही सोंड म्हणजे लॉटरी आहे. मागच्या पडद्यापासून बघणाऱ्याच्या दिशेने उतरत येणारी एक सोंड केली की बोगद्याचं तोंड तिच्या कुशीत बसतं, पडद्याचं भोक तिच्या मागे राहतं आणि डोंगराला तिथे असण्याचं कारण मिळतं.

कातळाचंही तेच. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. त्याचे कडे आडव्या पायऱ्यांसारखे दिसतात. परदेशी व्हिडिओ पाहून लोक चुरगाळलेल्या फॉइलचे साचे वापरतात आणि वर करडा रंग मारतात. मग भोर घाटाच्या नावाखाली आल्प्स तयार होतो. मी फोमशीटचे आडवे पट्टे एकावर एक चिकटवतो, कडा हाताने तोडतो (कटरने कापत नाही), आणि वरून पातळ पीओपी फिरवतो. काळपट तपकिरी रंग, पावसाळा दाखवायचा असेल तर भेगांत हिरवं. ज्यांना कोकण रेल्वे करायची आहे त्यांनी रत्नागिरीकडचा जांभा लाल करावा, पण तो निराळा विषय.

हात न पोचणारा डोंगर

ही चूक मी केली ती आमच्या सोसायटीच्या गणपतीत, दोनेकशे माणसांसमोर.

आरास म्हणून मी घाट केला होता. मंडपाच्या मागच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून डोंगर, त्यात तीन फुटांचा बोगदा, आणि बोगद्यात वळण. वरून वर्तमानपत्राच्या पट्ट्या, त्यावर पीओपीत बुडवलेलं मलमलचं कापड, सगळं फेविकॉलने घट्ट. फार मजबूत झालं होतं. पहिले दोन दिवस गाडी लागोपाठ फिरली आणि मी कौतुक खात फिरलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, ऐन आरतीत, गाडी बोगद्यात गेली आणि बाहेर आलीच नाही. आरती संपली, मंत्रपुष्पांजली झाली, प्रसाद वाटून झाला. पोरं बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी डोळे लावून बसलेली. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “अरे, लोणावळ्याला चिक्की घ्यायला उतरलेत का सगळे?”

हात घालायला वाव नव्हता. तारेचा आकडा करून ओढायला गेलो तर दोन डबे आणखी आडवे झाले. शेवटी रात्री अकरा वाजता हॅकसॉच्या पात्याने डोंगराचं पोट फाडलं. आत काय निघालं? पीओपीचा एक ओघळ. कापडातून गळून रुळाच्या कडेला हरभऱ्याएवढा थेंब वाळला होता. दोन दिवस डबे त्याला चाटून जात होते. दमट हवेने कापड थोडं खाली बसलं आणि तिसऱ्या दिवशी चौथ्या डब्याचा कोपरा त्यात अडकला. उरलेले सात दिवस आमच्या घाटात “दरड कोसळली आहे” अशी पाटी होती.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. लपलेल्या रुळाच्या कोणत्याही जागी माझा पंजा मनगटापर्यंत गेला पाहिजे. बोटं पोचून भागत नाही, कारण घसरलेला डबा उचलून चाकं रुळावर बसवायला दोन बोटं आणि अंगठा लागतो. लेआउट भिंतीला लागून असेल तर खालून प्लायला खिडकी कापा. नाहीतर डोंगराचा वरचा भाग झाकणासारखा सुटा ठेवा. सांध्याची काळजी नको: वर म्हटलेले आडवे थर इथे उपयोगी पडतात. झाकणाची कड दोन थरांच्या भेगेत ठेवली आणि वर कारवीची झुडपं लावली की सांधा शोधूनही सापडत नाही.

शिवाय डोंगर बांधायच्या आधी आतल्या रुळाचं सगळं काम संपवा. सांधे झाळून घ्या, प्रत्येक तुकड्याला वेगळी वायर द्या, आत पॉइंट (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा) तर ठेवूच नका. रुळाच्या दोन्ही बाजूंना दोन सेंटिमीटर उंचीचा पुठ्ठ्याचा कठडा चिकटवा, म्हणजे घसरलेला डबा निदान जमिनीवर जाणार नाही. मग आठवडाभर उघड्यावर गाडी चालवा. हा आठवडा कुणालाच नको असतो. “काका, रूळ ठीक आहे, एकदा फिरवून पाहिलं.” एकदा! माझी गणपतीतली गाडी दोन दिवस ठीक होती.

तोंड किती मोठं

नवशिके बोगद्याचं तोंड इंजिन समोर धरून आखतात. इंजिन सरळ रुळावर उभं असतं आणि छान मावतं. मग वळणावर लांब डबा येतो आणि भिंतीला घासतो.

हिशेब अवघड नाही. जुन्या पद्धतीचा आयसीएफ प्रवासी डबा 21.3 मीटरचा, एचओत साडेचोवीस सेंटिमीटर. अठरा इंच त्रिज्येच्या वळणावर त्याचं पोट आतल्या बाजूला आठ मिलिमीटर सरकतं आणि टोकं बाहेरच्या बाजूला जवळपास तेवढीच. नव्या पद्धतीचा एलएचबी डबा साडेतेवीस मीटरचा, म्हणजे सत्तावीस सेंटिमीटर. त्याची टोकं बारा मिलिमीटर बाहेर जातात. डब्याची रुंदी सदतीस मिलिमीटर धरा, दोन्हीकडे तीन-तीन मिलिमीटर सोडा, तर तोंड साठ-पासष्ट मिलिमीटर रुंद लागतं. सरळ रुळावर पंचेचाळीसमध्ये भागतं. वळणावर रुंद केलेलं हे भोक भगदाडासारखं दिसतं. त्यामुळे बोगद्याचं तोंड शक्यतो सरळ रुळावर घ्यावं आणि वळण आत चार इंच गेल्यावर सुरू करावं.

आकडेमोड नको असेल तर तुमच्याकडच्या सर्वांत लांब डब्याच्या मधोमध आतल्या बाजूला आणि दोन्ही टोकांना बाहेरच्या बाजूला पेन्सिल बांधा आणि डबा हाताने ढकला. प्लायवर ज्या रेषा उमटतील त्यांच्या बाहेर भिंत.

आकाशाला चिकटलेला पूल

बोगद्याचा कंटाळा आला की लोक पुलाकडे वळतात. रस्त्याचा पूल पडद्याला चिकटवायचा, गाडी त्याच्याखालून गायब. कल्पना चांगली आहे, सपाट प्रदेशातल्या लेआउटला दुसरा सोपा उपायही नाही. पण पूल पडद्याला चिकटला की कमानीतून थेट भोकाची कड दिसते, आणि पुलावरची लाल एसटी आकाशावर चितारल्यासारखी उभी राहते. पूल पडद्यापासून निदान दहा-बारा सेंटिमीटर पुढे हवा आणि रुळाला काटकोनात नको. तिरका ठेवला की कमानीतून पाहणाऱ्याची नजर भोकावर न जाता बाजूच्या भिंतीवर आदळते. पूल आणि पडदा यांच्यामधली जागा काळ्या मॅट रंगाने रंगवा, फळ्याचा रंग उत्तम. आणि फिडल यार्डातला दिवा बंद ठेवायची सोय करा. पुलाखालच्या अंधारातून ट्यूबलाइटचा उजेड येताना मी पाहिला आहे.

दुसरी गंमत उताराची. विजेच्या तारांवरून जाणारा नवा पूल रुळापासून साडेसहा मीटरच्या आसपास उंच असतो, म्हणजे एचओत साडेसात सेंटिमीटर. रस्ता धरून आठ मीटर झाले. रस्त्याचा चढ 1:30 धरला तर दोन्हीकडे 240 मीटर लागतात. एचओत पावणेतीन मीटर! आपल्याकडे असतो एक फूट. मग लोक घसरगुंडी करतात आणि तिच्यावर उसाचा ट्रक उभा करतात. त्यापेक्षा रस्ता जमिनीच्या पातळीवर ठेवा आणि रूळ खोदाईत घ्या. ते जमत नसेल तर पुलाची दोन्ही टोकं तीनमजली इमारतींच्या मागे न्या आणि उतार दाखवूच नका.

पुलावर कठड्याच्या वर जाळी लावा. विद्युतीकरण झालेल्या मार्गांवर ती असते, आणि “25000 व्होल्ट, सावधान” अशी पाटीही. कागदाच्या दोन चौकोनांनी पूल एकदम इथला होतो.

कोण कुठून पाहतं हे मात्र प्लाय कापायच्या आधी ठरवा. मी सगळं माझ्या नजरेच्या उंचीवरून तपासायचो. मग एका प्रदर्शनात सहा वर्षांची एक मुलगी पुलासमोर उभी राहिली आणि आईला म्हणाली, “आई, बघ ना, आत काकांची चप्पल दिसतेय.” दिसत होती खरी. त्या दिवसापासून मी गुडघ्यांवर बसून, स्टुलावर चढून आणि दोन्ही कोपऱ्यांतून मोबाइलने फोटो काढतो. डोळा माफ करतो ते कॅमेरा करत नाही.

बाकीच्या, पटापट

आरसा: लावू नका. इंजिनावरचा नंबर उलटा दिसतो आणि तुमचं नाकही.

कारखाना: साखर कारखान्याच्या किंवा गोदामाच्या दारातून मालगाडी आत जाऊ द्या, ते बरोबर आहे. पण त्याच दारातून डेक्कन क्वीन जाताना मी पाहिली आहे. पॅसेंजर गाडीला वेगळी वाट द्या.

वड: झाडामागे भोक लपतं हे खरं, पण विजेच्या तारांवर झुकलेली फांदी रेल्वे छाटते. झाड कडेला ठेवा आणि त्याच्या मागे आणखी काहीतरी असू द्या.

लांब गाडी, आखूड बोगदा: शेवटचा डबा आत जाण्याआधी इंजिन पलीकडून बाहेर पडलं तर सगळा खेळ उघडा पडतो. डबे काढा. बोगदा वाढवायला बहुतेक वेळा जागा नसते.

गुळगुळीत तोंड: बोगद्याच्या वर नंबर रंगवा, कमानीच्या माथ्यावर काजळी मारा, कडेला गटार दाखवा, खडी आत निदान वीतभर न्या. आतली भिंतही तेवढीच आत जाऊ द्या. कोथरूडच्या लघुरेल्वे संग्रहालयात, जे 1998 पासून सुरू आहे, जाऊन नुसते बोगदे बघत बसा. मी तिथे शो संपल्यावरही रेंगाळतो.

पँटोग्राफ (इंजिनाच्या टपावरचा, विजेच्या तारेला टेकणारा सांगाडा): तार बोगद्याच्या तोंडाशी संपवली तर आत गेल्यावर पँटो पूर्ण वर उठतो आणि बाहेर येताना कमानीला अडकतो. कमान पडते किंवा पँटो तुटतो. माझ्या बाबतीत दोन्ही झालं. आत खरी तार लागत नाही. तेवढ्याच उंचीवर पितळी पट्टी लावा, तोंडाशी तिचं टोक किंचित वर वाकवा, आणि इंजिन दोन्ही दिशांनी हळू चालवून पाहा.