परभणीत राहून चेलो शिकायचा असेल तर

अधूनमधून पालकांचे फोन येतात. मुलीला चेलो, म्हणजे व्हायोलिनसारखं पण बरंच मोठं, बसून वाजवायचं वाद्य, शिकायचंय, इथं राहून जमेल का आणि पुढं त्यावर पोट भरेल का? मी परभणीची. अठरा वर्षं चेलो वाजवते आणि सहा वर्षांपासून एका छोट्या संगीत महोत्सवाची कलासंचालक आहे. त्यामुळे दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर ‘हो’ असंच आहे, पण त्यासाठी काय काय करावं लागतं ते सांगते.

वाद्य मापाचंच घ्या. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना अर्धा किंवा पाऊण मापाचा चेलो लागतो. ‘मोठेपणीही कामाला येईल’ म्हणून पूर्ण मापाचा घेतला, की डावा अंगठा आखडतो आणि ती सवय पुढं वर्षानुवर्षं सुटत नाही.

पहिले सहा महिने मोकळ्या, म्हणजे बोटानं न दाबलेल्या, तारांवर घालवा. चेलोच्या तारा खालून सी, जी, डी, ए अशा, प्रत्येकीत पंचमाचं अंतर. म्हणजे सी हा सा धरला तर जी हा प. आपल्याकडे गवई पहाटे खर्ज लावतात, तसा मी रोज अर्धा तास फक्त सी तारेवर बो, म्हणजे गज, ओढते. आवाज दाबून काढायचा नसतो, हाताचं वजन तारेवर सोडायचं असतं. हे वजन व्हिडिओ कॉलवर गुरूंना दिसत नाही, आणि खालची सी तर फोनच्या स्पीकरमधून धड ऐकूही येत नाही. म्हणून महिन्यातून एकदा तरी समोर बसून शिका. मी देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला जायचे. वरचा बर्थ घ्यायचा, चेलो भिंतीकडं ठेवायचा आणि आपण कुशीवर झोपायचं.

आता उन्हाळा. इकडच्या मुलांनी हे नीट वाचा, कारण युरोपात लिहिलेल्या पुस्तकांत आपला मे महिना नसतो. चेलोचे सांधे सरसानं, म्हणजे जुन्या पद्धतीच्या गोंदानं, चिकटवलेले असतात, आणि उष्णतेनं व कोरड्या हवेनं सरस सोडतो. एकदा दुपारी बंद गाडीत वीस मिनिटं वाद्य राहिलं आणि खालच्या बाजूचा सांधा वीतभर उघडला. मी रडले. शेजारचे सुतारकाका मायेनं फेव्हिकॉल घेऊन आले होते. नशिबानं मी नको म्हटलं. सांधा उघडतो म्हणूनच लाकूड तडकत नाही. सरस मुद्दाम लाकडापेक्षा कच्चा ठेवतात. पक्का गोंद लावला, तर पुढच्या वेळी फळीच फुटते. केसमध्ये ओलावा धरणारी नळी ठेवा. कोरड्या दिवसांत खुंट्या घसरतात आणि पावसाळ्यात अडकतात, तेव्हा जोर लावू नका.

पोटापाण्याचं म्हणाल, तर मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा पाश्चात्त्य वाद्यवृंद आहे. पण त्यातले बरेच वादक परदेशी आहेत आणि जागा मोजक्या. बाकी उत्पन्न शिकवण्या, स्टुडिओतली रेकॉर्डिंग आणि लग्नसमारंभ यांतून येतं. नुसत्या वादनावर घर चालवणारे मला फार थोडे भेटले.

मग कार्यक्रम आपणच उभे करायचे. थोर चेलोवादक पाब्लो कासाल्स हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमधून बाहेर पडून फ्रान्समधल्या प्राद या लहानशा गावी राहत होते. फ्रँकोला मान्यता देणाऱ्या देशांत वाजवणार नाही, असा त्यांचा निश्चय होता. म्हणून १९५० साली, जर्मन संगीतकार बाखच्या मृत्यूला दोनशे वर्षं झाली तेव्हा, वादकच प्रादला त्यांच्याकडं आले आणि तिथला महोत्सव सुरू झाला. परभणी सोडायची का, असं मनात येई तेव्हा मला हे आठवायचं.

कलासंचालकाचं अर्धं काम पंचांग आणि पिकं पाहण्याचं आहे. पहिल्या वर्षी मी नाथषष्ठीच्या आठवड्यात कार्यक्रम ठेवला. निम्मं गाव पैठणला, दीडशे खुर्च्यांवर अकरा माणसं. पेरणीचे दिवसही टाळा. दुसरं, मानधन. एका संस्थेनं माझे पैसे आठ महिने अडकवले होते. त्यामुळे आमच्याकडं कलाकाराचं पाकीट कार्यक्रमाआधीच तयार असतं. त्यासाठी खर्च कमी करायची वेळ आली तर मंडप लहान करते.

आणि श्रोत्यांना कमी लेखू नका. गंगाखेडला, जनाबाईंच्या गावी, मी बाखच्या चेलोसाठीच्या पहिल्या सूटचा, म्हणजे रचनामालेचा, प्रिल्यूड हा सुरुवातीचा भाग वाजवला. वीज गेली होती, माईक बंद. त्या रचनेत पहिले चारही बार, म्हणजे तालाचे खंड, मोकळ्या जी तारेवरच सुरू होतात; वर सूर बदलतात, खाली तो जी सुटत नाही. कार्यक्रम संपल्यावर एक विणेकरी आजोबा जवळ आले, चेलोला हात न लावता वाकून तारा पाहिल्या आणि म्हणाले, “ताई, खालची तार तुम्ही आमच्या विण्यासारखी धरून ठिवली की.”

पुढच्या वर्षी त्यांनाच बोलावलं. गायकांनी पेटीची पांढरी एक पट्टी, म्हणजे सी, घेतली, म्हणजे माझी सी तारच षड्ज झाली. दोन अभंगांना मी फक्त लांब बोनं सा आणि प धरले, मध्ये कुठंही कसरत केली नाही. आता तारीख ठरवायच्या आधी पहिला फोन त्यांना करते: “बाबा, त्या आठवड्यात कुठं सप्ताह नाही ना?”